सहा ठिपक्यांत मावलेली बाराखडी : लुई ब्रेल यांचं आयुष्य

बऱ्हाणपूर : ४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१९ पासून पाळायला सुरुवात केली. त्याच्या दहा वर्षं आधी, २००९ मध्ये, आपल्या सरकारने लुई ब्रेल यांच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून दोन रुपयांचं एक नाणं काढलं होतं. ते नाणं आजही कधीमधी सुट्ट्या पैशांत हातात येतं. बहुतेक जण त्याकडे बघत नाहीत, दोन रुपये म्हणून पुढे सरकवतात.

ब्रेल हे नाव तसं सगळ्यांना माहीत आहे. लिफ्टच्या बटणाशेजारी ते बारीक उंचवटे असतात, मतदान यंत्रावर असतात, औषधाच्या काही खोक्यांवर असतात. माणूस मात्र फारसा माहीत नाही. शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींत सगळं उरकतं : लहानपणी अंध झाला, लिपी शोधली, थोर झाला. ज्या शाळेत तो शिकला आणि शिकवलं, त्याच शाळेत त्याच्या लिपीला काही वर्षं बंदी होती, हे त्या चार ओळींत येत नाही. खरी गोष्ट तर तिथेच आहे.

पॅरिसच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर कूपव्रे नावाचं गाव आहे. बऱ्हाणपूरहून रावेर आहे त्यापेक्षा थोडं लांब, असं समजा. तिथे सिमों-रने ब्रेल घोड्यांचा साज बनवायचे. खोगीर, लगाम, पट्टे, सगळं चामड्याचं काम. ४ जानेवारी १८०९ रोजी त्यांच्या घरी चौथं अपत्य जन्मलं, ते लुई. घरातलं शेंडेफळ. वडील काम करायचे आणि पोर तिथेच खेळायचं. १८१२ मध्ये, तीन वर्षांचा असताना, वडिलांचं बघून त्यानेही चामड्यात आरी खुपसायचा खेळ मांडला. आरी सटकली आणि डोळ्यात गेली. जखम चिघळली तर काय करायचं हे त्या काळात डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. एका डोळ्याची लागण दुसऱ्या डोळ्यात गेली आणि पाच वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळे गेले.

त्या काळातल्या खेड्यात अंध पोराच्या नशिबी काय असायचं ते वेगळं सांगायला नको. भीक, नाहीतर घरातला कोपरा. लुईच्या आईबापांनी त्याला कोपऱ्यात बसू दिलं नाही. वडिलांनी चालायला काठ्या करून दिल्या. लाकडाच्या फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून अक्षरं बनवली, म्हणजे पोराने हात फिरवून ओळखावीत. गावचे पाद्री पालुई यांनी त्याला शिकवायला घेतलं आणि मग गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसवलं. पोर हुशार निघालं. ऐकलेलं सगळं पाठ. पण सगळं कानानेच. इतर मुलं पाटीवर लिहायला लागली की हा रिकामा बसून राही.

पाद्रींनी आणि गावच्या जमीनदाराने खटपट केली, तेव्हा पॅरिसच्या अंधशाळेत त्याला शिष्यवृत्ती मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा लुई त्या शाळेत दाखल झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर त्याच्या दोनच महिन्यांनी, ९ एप्रिल १८१९ रोजी, इकडे इंग्रजांच्या वेढ्यात असीरगड पडला.

अंधांसाठीची ही जगातली पहिली शाळा. व्हॅलेंटिन आउई या सज्जन माणसाने १७८५ मध्ये ती सुरू केली होती. इमारत मात्र जुनी, अंधारी आणि ओलसर. मुलं सारखी खोकत असायची. पुढे लुईचा जीव ज्या क्षयाने घेतला, त्याची सुरुवात याच भिंतींमध्ये झाली असावी, असं त्याच्यावर लिहिणाऱ्या अनेकांना वाटतं.

शाळेत पुस्तकं होती, पण कशी? आउई यांनी ओल्या जाड कागदावर मोठी अक्षरं दाबून ती उठावदार केली होती. आपली नेहमीची रोमन अक्षरंच, फक्त कागदाच्या वर आलेली. एकेक पुस्तक उचलायलाही जड. वाचायचं म्हणजे प्रत्येक अक्षराच्या कडेकडेने बोट फिरवायचं, ते ओळखायचं, लक्षात ठेवायचं, मग पुढच्यावर जायचं. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होई. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की ही अक्षरं हाताने लिहिता येत नव्हती. छापखान्यातून आलं तेवढं वाचायचं. घरी पत्र लिहायचं, वहीत टिपण काढायचं, मित्राला चिठ्ठी द्यायची, यातलं काहीच नाही. एका बाजूनेच चालणारा व्यवहार.

आउई यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या आधी कुणी एवढंही केलं नव्हतं. त्यांचं म्हणणंही साधं होतं : डोळस लोक वाचतात तीच अक्षरं अंधांनी वाचावीत, म्हणजे ती समाजापासून तुटणार नाहीत. ऐकायला पटतं. पण अक्षर डोळ्यासाठी बनलेलं असतं. गोलाई, शेपटी, आडवी रेघ हे डोळा एका क्षणात टिपतो, बोटाला ते जमत नाही. हे ओळखायला वाचणारं बोट स्वतःचं असावं लागतं.

१८२१ च्या सुमाराला शार्ल बार्बिये नावाचे तोफखान्यातले एक माजी अधिकारी शाळेत आपली एक युक्ती घेऊन आले. त्यांनी अंधारातही वाचता येईल अशी ठिपक्यांची लिपी बनवली होती. फ्रेंच भाषेतले ३६ ध्वनी घेऊन त्यांनी सहा ओळी आणि सहा रकान्यांचा तक्ता केला. कुठला ध्वनी लिहायचा ते दोन उभ्या रांगांतल्या ठिपक्यांनी सांगायचं : पहिल्या रांगेत ओळीचा नंबर, दुसऱ्या रांगेत रकान्याचा. एका रांगेत जास्तीत जास्त सहा, म्हणजे एका ध्वनीला बारापर्यंत ठिपके. सोबत खाचा असलेली पाटी आणि टोचायला दाभणासारखं एक टोकदार हत्यार. जाड कागद पाटीवर लावायचा, टोचायचं, कागद उलटला की ठिपके बोटाखाली येतात.

शाळेतल्या मुलांनी हे हातात घेतलं तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, रेघेपेक्षा ठिपका बोटाला फार लवकर कळतो. दुसरी त्याहून मोठी, ती म्हणजे आता आपल्याला लिहिता येतं. बारा वर्षांच्या लुईला मात्र यातल्या खोडीही दिसल्या. बारा ठिपक्यांचा उभा डोलारा बोटाच्या पेराखाली मावत नाही, बोट वरखाली फिरवावं लागतं. शिवाय ही ध्वनींची लिपी, तिच्यात शब्दाचं लेखन कळत नाही. आकडे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, संगीत नाही. निरोप देण्यापुरती ठीक, पण शिकायला अपुरी.

पुढची तीन वर्षं पोराने हाच एक उद्योग केला. रात्री वसतिगृहात, सुट्टीत कूपव्रेला घराबाहेर बसून, कागद आणि टोचणी घेऊन. १८२४ मध्ये पंधराव्या वर्षी त्याची लिपी तयार झाली होती. बारा ठिपक्यांचे त्याने सहा केले. उभे तीन, असे दोन. हा चौकोन बोटाच्या टोकाखाली एकदम बसतो, बोट हलवावं लागत नाही. रचनाही हिशेबी. पहिली दहा अक्षरं वरच्या चारच ठिपक्यांत बसवली. पुढची दहा म्हणजे तीच पहिली दहा, फक्त डावीकडचा खालचा ठिपका वाढवून. त्यापुढची अक्षरं खालचे दोन्ही ठिपके वाढवून. दहा नीट पाठ केली की बाकीची आपोआप येतात. ठिपका आहे किंवा नाही, अशा सहा जागा. सहा वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की ६४ येतात, त्यातला पूर्ण कोरा सोडला तर ६३ खुणा. कॉम्प्युटर ज्या आहे-नाही च्या गणितावर चालतो तेच हे गणित. फक्त कॉम्प्युटर यायला अजून शंभरावर वर्षं होती.

या खुणांचा आणि डोळसांच्या अक्षरांच्या आकाराचा काही संबंध नव्हता. शाळेच्या चालकांना नेमकं तेच खटकणार होतं.

१८२८ मध्ये ब्रेल त्याच शाळेत साहाय्यक शिक्षक झाले आणि १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक. १८२९ मध्ये त्यांनी लिपीवर छोटं पुस्तक काढलं. गंमत अशी की ते पुस्तक ठिपक्यांत छापायची सोयच नव्हती, म्हणून ज्यांची जागा ही लिपी घेणार होती त्या उठावदार रोमन अक्षरांतच ते छापावं लागलं. आपण बार्बिये यांचं देणं लागतो हे ब्रेल यांनी त्यात स्वच्छ लिहून ठेवलं. १८३७ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या, त्या बोटाला जड जातात म्हणून काढल्या. आणि ख्रिस्ती लोकांची एक प्रार्थना सहा भाषांत ठिपक्यांनी लिहून दाखवली : लॅटिन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन, इंग्रजी. आपली लिपी एका भाषेची नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

ब्रेल स्वतः उत्तम ऑर्गन वाजवायचे, पॅरिसच्या चर्चमध्ये वादक म्हणून काम करायचे. त्याच सहा ठिपक्यांत त्यांनी संगीताची लेखनपद्धतही बसवली. याला पोटापाण्याचं महत्त्व होतं. त्या काळात अंध माणसाला इज्जतीने कमावण्याचे मार्ग मोजके, त्यातला एक चर्चमधला वादक आणि दुसरा पियानो जुळवणारा. संगीत वाचता आलं की नोकरीचं दार उघडायचं.

इथे एका कमी सांगितल्या जाणाऱ्या कामाकडे यायला हवं. ठिपक्यांची लिपी आल्यावर अंध माणूस अंध माणसाला लिहू शकत होता. पण कूपव्रेला घरी पत्र लिहायचं तर? आईला, भावंडांना ठिपके थोडेच वाचता येणार? प्रत्येक वेळी कुणातरी डोळस माणसाला सांगून लिहून घ्यायचं, म्हणजे घरातली गोष्ट तिसऱ्याला सांगायची. ब्रेल यांना हे सलत होतं. १८३९ मध्ये त्यांनी दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक नेहमीच्या रोमन अक्षराचा आकार ठिपक्यांनी काढायचा, दहा ठिपके उंचीच्या चौकटीत. कुठल्या अक्षराला कुठले ठिपके याचे आकडे ठरवून दिले. अंध माणसाने आकड्यांप्रमाणे टोचत जायचं, कागदावर उमटतं ते डोळस माणसाला सरळ वाचता येईल असं अक्षर. अंधालाही ते बोटाने तपासता येतं.

हाताने हे करायला वेळ फार लागे. तेव्हा पिएर फुको नावाचा त्यांचा मित्र पुढे आला. तोही अंध आणि यंत्रांत डोकं चालणारा. १८४१ मध्ये त्याने दट्ट्यांचं एक यंत्र बनवलं. दट्टे दाबले की ठिपक्यांचा उभा रकाना एका दमात उमटतो, मग पुढे सरकायचं. जिनिंगच्या बिलांवर, रेल्वेच्या चार्टवर कर्र कर्र आवाज करत छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. त्यातही छोट्या पिना उभ्या रांगेत असतात आणि ठिपक्यांनी अक्षर बनतं. बाजारात टाइपरायटर यायच्या कितीतरी आधी दोन अंध मित्रांनी हे साधलं होतं, अंध माणसाने डोळस माणसाला स्वतःच्या हाताने, कुणाच्या मध्यस्थीशिवाय पत्र लिहावं म्हणून.

तोवर शाळेत दिवस पालटले होते. आधीचे संचालक पिन्ये ब्रेल यांच्या बाजूचे होते. १८४० मध्ये त्यांना जावं लागलं आणि द्युफो संचालक झाले. द्युफो यांचं मत जुनंच : अंधांची लिपी डोळसांना वाचता आली पाहिजे, नाहीतर ते आपल्यातच बंद होतील. त्यांनी इंग्लंड-स्कॉटलंडकडची सुटसुटीत केलेली उठावदार रोमन अक्षरं आणली आणि ठिपके बंद केले. जुनी पुस्तकं जाळल्याचंही सांगतात. डोळस शिक्षकांची एक अडचण बोलून दाखवली जात नव्हती, ती अशी की ठिपके मुलांना त्यांच्यापेक्षा चांगले येत होते.

मुलांनी ऐकलं नाही. पाट्या आणि टोचण्या काढून घेतल्या तर विणायच्या सुया, काटे, जे टोकदार मिळेल त्याने टोचलं. मोठी मुलं लहानांना चोरून शिकवायची. एकदा लिहिता यायला लागलेल्या माणसाला पुन्हा फक्त ऐकायला बसवता येत नाही, हे द्युफो यांना उशिरा कळलं. कळलं ते त्यांचे साहाय्यक ग्वादे यांच्यामुळे. ग्वादे यांनी मुलांचं काम जवळून पाहिलं आणि आपलं मत बदललं, मग संचालकांचंही बदलवलं. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर प्रयोग झाला. एकाने सांगितलेला मजकूर एका मुलाने ठिपक्यांत लिहून घेतला आणि आधी खोलीत नसलेल्या दुसऱ्याने येऊन तो बोटांनी वाचून दाखवला. बंदी संपली.

ब्रेल त्या समारंभाला होते, पण तब्येत पार ढासळली होती. १८३५ च्या सुमारापासून क्षयाने धरलं होतं. मध्येच बरं वाटे, मग पुन्हा रक्त पडे. शिकवणं कमी करत आणलं, शेवटी सोडलं. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीसावा वाढदिवस होऊन दोन दिवसांनी, ते गेले. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. त्यांच्यामागे एक पेटी होती, न उघडता जाळून टाका असं सांगून गेले होते. लोकांना राहवलं नाही, उघडली. आत चिठ्ठ्या होत्या, गरीब विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून घेतलेल्या उसन्या पैशांच्या. मग त्या जाळल्या. मास्तरच्या पगारात उधारी देणारा आणि मरताना वही फाडून जाणारा माणूस.

ते गेल्यावर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने ही लिपी अधिकृत केली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अंधांसाठी हीच पद्धत घ्यावी असं ठरवलं.

आपल्याकडे अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मराठी मुलखात १९०० मध्ये, छप्पन्नच्या दुष्काळानंतर, अमेरिकन मराठी मिशनच्या ऍना मिलर्ड यांनी मुंबईत शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनातही अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई.

पण इथे एक घोळ होता. ब्रेल यांनी ठिपके रोमन अक्षरांना जोडले होते. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, तमिळ यांना कसे जोडायचे? ज्याने त्याने आपल्या भागात आपापली जोडणी केली. एका प्रांतात शिकलेल्या अंध माणसाला दुसऱ्या प्रांतातलं पुस्तक वाचता येईना. भाषा एकच असली तरी कधी कधी येईना. छापखान्यांनाही परवडेना, कारण प्रत्येक पद्धतीसाठी पाच-पन्नास प्रती कोण छापणार? स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपर्यंत नेला. क्लुथा मॅकेन्झी यांनी त्यात बरंच काम केलं. ते न्यूझीलंडचे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला डोळे गमावलेले, आणि काही वर्षं देहरादूनला अंध सैनिकांच्या केंद्राचे प्रमुख राहिलेले. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं आणि त्याच वर्षी देहरादूनला सरकारी ब्रेल छापखाना सुरू झाला.

भारती ब्रेलचं तत्त्व एका ओळीचं आहे : भारतातल्या कुठल्याही भाषेत एका ध्वनीला एकच खूण. चौकोनातल्या ठिपक्यांना नंबर असतात, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. त्यात १-३ हा क. मराठीचा क तोच, हिंदीचा तोच, गुजरातीचा, कन्नडचा, तेलुगूचा तोच. उर्दूचा काफही तोच, आणि कागदावर उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू ठिपक्यांत डावीकडून उजवीकडे वाचली जाते.

बऱ्हाणपूरच्या माणसाला याचं मोल जास्त कळावं. या गावात दुकानाच्या एका पाटीवर हिंदी असते, शेजारी उर्दू. गुजराती पेढ्यांच्या चोपड्या वेगळ्या. मराठी घरांत आजोबांच्या पेटीतले कागद मोडीत निघतात, ते नातवंडांना वाचता येत नाहीत. अंध मुलासाठी हा सगळा गुंता नाही. हिंदी शाळेत ठिपके शिकलेल्या इथल्या मुलीने उद्या रावेरची किंवा जळगावची मराठी पुस्तकं मागवली तर तिला नवीन लिपी शिकावी लागत नाही. मराठी तिच्या घरातच आहे, खुणा तिच्या बोटांत आहेत. फार तर ळ नीट घोटून घ्यावा लागेल, कारण हिंदीच्या पुस्तकात तो भेटत नाही. ळ म्हणजे ४-५-६, उजवीकडचे तिन्ही. १९५१ मध्येच अमेरिकेतून बाजारात आलेल्या पर्किन्स यंत्रावर तो उजव्या हाताची तीन बोटं एकदम दाबून येतो. डोळस मराठी मुलाला ळ ची गाठ जमायला जेवढी वर्षं जातात, त्या मानाने हे सोपंच.

आणखी एक. आपण कि लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि क नंतर, उच्चार मात्र आधी क चा करतो. ब्रेलमध्ये आधी क, मग इ. बोललं तसं लिहिलं.

१९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर, फ्रान्सने ब्रेल यांचे अवशेष कूपव्रेहून काढून पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशातल्या थोरांच्या शेजारी नेले. गावाने हात मात्र दिले नाहीत. ते एका कलशात कूपव्रेलाच आहेत.

आता सगळं फोनवर बोलतं, मग ठिपके कशाला, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. शिक्षकही विचारतात, पालकही. प्रश्न चुकीचा नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने अंध लोकांचं आयुष्य बदललं यात वाद नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेलं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मराठीही वाचतं. त्यावर लोक बँकेत नोकऱ्या करतात, हिशेब ठेवतात, कोड लिहितात. ज्याला उतारवयात अंधत्व आलं त्याने ठिपके शिकावेत असा आग्रह धरण्यातही अर्थ नाही.

पण शाळकरी मुलाचं तसं नाही. फक्त ऐकून शिकणारं मूल १८१९ च्या आधीच्या लुईसारखंच आहे, सगळं पाठ आणि वहीत काही नाही. शिवाय सीमेवरच्या घरांत फोनला आवाज बहुतेक वेळा हिंदी लावलेला असतो. त्याला मराठी बातमी वाचायला दिली की तो ती हिंदीच्या चालीवर वाचतो, आणि मुलाच्या कानात तीच मराठी बसते.

ब्रेल यांची लिपी कॉम्प्युटरमध्ये शिरली आहे, ती अगदी सहज. आधीच आहे-नाही च्या गणितात असल्यामुळे तिला वेगळं काही करावं लागलं नाही. युनिकोडमध्ये ठिपक्यांच्या २५६ खुणा आहेत, सहाऐवजी आठ ठिपके धरून. ब्रेल डिस्प्ले नावाच्या यंत्रात बारीक पिनांची एक ओळ असते, कॉम्प्युटरवर जे असेल त्याप्रमाणे पिना वर येतात, बोटाने वाचून झालं की पुढची ओळ. किंमत ही त्यातली अडचण. बाहेरची यंत्रं लाखाच्या घरात जातात, आणि त्यामुळेच मुंबईच्या इनोव्हिजन कंपनीने त्यापेक्षा बरंच स्वस्त ब्रेल मी हे यंत्र बनवलं तेव्हा त्याची चर्चा झाली. यंत्र नसेल तरी २०२० पासून अँड्रॉइड फोनमध्ये काचेवरच सहा ठिपक्यांचा कीबोर्ड मिळतो. फोन पडदा बाहेर करून दोन्ही हातांत धरायचा आणि तीन-तीन बोटांनी टिपायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवाद या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेलचा उल्लेख आहे, तेव्हा शाळेकडे मागताना उपकार मागतोय असं वाटायचं कारण नाही.

साध्या मजकुराचं ठिपक्यांत रूपांतर करायला या यंत्रांत आणि सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच ठिकाणी एकच मोफत कार्यक्रम वापरला जातो. त्याचं नाव लिबलुई, लुई ब्रेल यांच्यावरूनच ठेवलेलं. त्यात मराठीचाही तक्ता आहे.

या बातमीची पहिली ओळ फोनला वाचायला लावली तर जागतिक ब्रेल दिन एवढंच ऐकू येईल. तो दिन आहे की दीन, दिवस की गरीब, ते आवाजावरून बहुतेकांना सांगता येणार नाही. ठिपक्यांत द नंतर २-४ आला तर ऱ्हस्व, ३-५ आला तर दीर्घ.